शेवटच्या डब्याचा दिवा

१

मला वाटलं होतं, दोन समुद्रांना जोडणारा लोहमार्ग जिथे पुरा होतोय तिथे नुसती झुंबड उडालेली असेल. यंत्रांची घरघर, नकाशांनी भरलेल्या भिंती, चार भाषांतून चाललेली हुज्जत. परदेशात शिकत होते ती सात वर्षं मी हे चित्र उशाशी घेऊन झोपले. परत आले तेव्हा मला मिळाली बारा बाय दहाची एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणि टेबलावर पितळी घंटी बसवलेली एक लाकडी पेटी. त्या पेटीमागे माझे बाबा बसले होते.

बाबा या स्टेशनाचे मास्तर. आमच्या बाजूचा मार्ग इथे संपतो. पाठीमागे अकराशे किलोमीटरवर आमचा समुद्र. पुढे बासष्ट किलोमीटर मिठाचं सपाट मैदान, त्याच्या पलीकडे दुसऱ्या देशाचं शेवटचं स्टेशन आणि तिथून पुढे दुसरा समुद्र. सव्वीस वर्षांपूर्वी हे मैदान ओलांडायचं ठरलं, भराव घातला, खांब रोवले, तार ओढली; मग दोन सरकारांचं बिनसलं आणि रूळ तेवढे राहून गेले. आता काम पुन्हा सुरू झालं होतं. दोन्हीकडून रूळ टाकत येत होते. मध्ये अठरा किलोमीटर उरले होते आणि तीन आठवड्यांत जोड व्हायची होती.

मी सिग्नलची अभियंता. जुनी यंत्रं काढून नवी बसवायची, हे माझं काम. ही नेमणूक मी मागून घेतली होती. शेवटच्या वर्षीच्या निबंधात मी लिहिलं होतं की, ज्यांनी एकमेकांची भाषा कधी ऐकली नाही अशी माणसं या गाडीत शेजारी बसतील आणि एकमेकांना खिडकी देतील. रेल्वे कोणालाही नाही म्हणत नाही. ते वाक्य मी दादाला वाचून दाखवलं होतं. दादा रूळ टाकणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याच्या हाताखाली बेचाळीस माणसं, तो धरून त्रेचाळीस.

"छान आहे," तो म्हणाला. "फक्त खिडकी कोणी कोणाला देत नाही. एवढं खोडून टाक."

२

बाबा महिनाअखेर निवृत्त होणार होते. तोवर मी त्यांच्याजवळ बसून जुनी पद्धत समजून घ्यायची, असं ठरलं.

समजून घेण्यासारखं फारसं नव्हतं. दिवसाला दोन मालगाड्या यायच्या, त्याच परत जायच्या. सकाळी सातला दादाची कामाची गाडी मैदानात जायची, संध्याकाळी परतायची. तिच्यासाठी बाबा नुसती चिठ्ठी लिहून द्यायचे. पेटीचा तिच्याशी संबंध नव्हता. पेटी होती पलीकडच्या स्टेशनाशी बोलायला, आणि पलीकडचं स्टेशन सव्वीस वर्षं बोललं नव्हतं.

तरीही रोज सकाळी दहाला बाबा पेटीचं बटण एकदा दाबत. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. पलीकडे कोणी असेल तर त्यानेही एक ठोका परत द्यायचा. काम थांबलं तेव्हाच्या साहेबांनी हुकूम दिला होता की तार जिवंत आहे का हे रोज बघत जा. हुकूम मागे घ्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बाबांनी सव्वीस वर्षांत अकरा वह्या भरल्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, दहाची वेळ आणि दोन शब्द: उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबा ते दोन शब्द आधी लिहितात. वही उघडायची, 'उत्तर नाही' लिहायचं, शाईवर फुंकर मारायची, मग बटण दाबायचं आणि दाबल्या दाबल्या खोलीबाहेर पडायचं. बाहेर फलाटाच्या ओट्यावर चहाची किटली असे. चहा पिऊनच ते परत येत.

"बाबा, ही तर परीक्षेआधी निकाल लावण्यातली गत झाली," मी म्हणाले.

"निकाल माहीत असला की असंच होतं."

"पण एक मिनिट थांबायचं असतं ना? आम्हाला तर मोजून साठ सेकंद शिकवलेत."

"तुम्हाला पुष्कळ शिकवलंय," बाबा म्हणाले आणि दुसरीच गोष्ट काढली.

आणखी एक पाहिलं. बाहेर ओट्याच्या टोकाला सिग्नलचे चार खटके आहेत. त्यांतला पहिला मैदानाकडून येणारी गाडी आत घेण्याच्या सिग्नलचा. तो सव्वीस वर्षांत कोणी ओढला नव्हता. दादाच्या गाडीलासुद्धा बाबा हातातला झेंडा दाखवून आत घेत. तरी दर सोमवारी ते चिंधी घेऊन त्याच खटक्याला तेल लावत बसायचे. बाकीचे तीन कुरकुरायचे.

"हा कोण लाडका?" मी विचारलं.

"वापरायचा नाही म्हणून गंजू द्यायचा का?" ते म्हणाले.

३

त्या बुधवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना त्यांनी वहीत त्या दिवशीची ओळ लिहून ठेवली. शाई वाळलेली होती.

"दहाला एक ठोका दे आणि बाहेर ये," ते म्हणाले. "चहा करून ठेवलाय."

मला हसू आलं, आणि थोडा रागही आला. खोटी नोंद ती खोटीच, मग ती कितीही निरुपद्रवी असो. मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बरोबर दहाला बटण दाबलं आणि बसून राहिले.

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी होती. मैदानाकडच्या खिडकीची काच मिठाने पांढुरकी झाली होती. पंधरा सेकंद. तीस. आपण उगाच बाबांशी वाद घालतो, असं वाटू लागलं.

बावन्नाव्या सेकंदाला घंटी वाजली. एकदाच.

मी घाबरले असं कोणी समजू नये. मला आनंद झाला. पलीकडच्यांनी जोडणीआधी तार दुरुस्त केली असणार, आणि सव्वीस वर्षांनंतरचं पहिलं उत्तर माझ्या वाट्याला आलं होतं. मी अजून त्याच विचारात होते तेवढ्यात तीन ठोके आले. स्वच्छ, सारख्या अंतराने, रोज हेच करणाऱ्या हाताचे. तीन ठोके म्हणजे प्रश्न: लाइन क्लिअर आहे का, गाडी पाठवू का?

या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात. गप्प राहायचं, म्हणजे नाही. किंवा तेच तीन ठोके परत द्यायचे आणि पेटीची मूठ 'रस्ता मोकळा'वर फिरवायची. पलीकडचा माणूस चाचणी घेतोय, आपण चोख उत्तर द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी तीन ठोके दिले आणि मूठ फिरवली.

माझं बोट बटणावरून उचललं जाण्याआधीच दोन ठोके आले. दोन म्हणजे 'गाडी सुटली'. जणू तिकडचा हात बटणावर ठेवूनच कोणी बसलं होतं. सवयीने मी पोच दिली आणि मूठ 'गाडी रुळावर'वर नेली. पेटीच्या आत काहीतरी खट्कन बसलं. काचेमागचा काटा लाल पट्टीवर गेला.

मग मला दादा आठवला.

दादा सकाळी सातला त्याच मार्गावर गेला होता. बेचाळीस माणसं घेऊन. रेल्वेत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट ही, की दोन स्टेशनांमधल्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. माझा भाऊ त्या तुकड्यात होता आणि मी कोणालातरी सांगितलं होतं की रस्ता मोकळा आहे.

४

मी स्वतःला समजावलं. पलीकडून येणारी गाडी तरी कशावरून चालणार? मध्ये अठरा किलोमीटर रूळच नाहीत. ही चाचणीच होती. मूठ मागे फिरवली की विषय संपला.

मूठ फिरेना. ती फिरणारच नव्हती. तिची रचनाच तशी आहे. 'गाडी रुळावर' लावलं की आत कुलूप पडतं. सिग्नलचा आडवा हात खाली उतरवून वाट द्यायला हवी, गाडी स्टेशनात यायला हवी, तिच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा स्टेशनच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा, म्हणजे मध्ये एकही डबा सुटून राहिलेला नाही याची खात्री होते; मग सिग्नल पुन्हा वर करायचा, तेव्हा मूठ सुटते. नाहीतर बाजूचं शिशाचं सील तोडायचं.

माझी एक वर्गमैत्रीण पलीकडच्या बाजूला माझ्यासारखंच काम करते. तिला फोन लावला.

"तुमच्याकडून आत्ता पेटी कोणी वाजवली?"

"कुठली पेटी?"

"जुनी. स्टेशनातली."

ती हसली. "अगं, ती कधीच काढून नेली. मी त्याच टेबलावर बसलेय. जिथे तारा वर यायच्या त्या भोकात कोणीतरी पेन्सिली ठेवल्यात. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "वायर कुठेतरी चिकटली असेल."

वायर चिकटली की घंटी खणखणत राहते. तीन ठोके मोजून देत नाही. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

बाबा अकराला आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे ते दारातच बाही कपाळावर धरून उभे राहिले. त्यांना धड दिसत नव्हतं. तरी पहिल्यांदा त्यांची नजर काट्याकडेच गेली.

"थांबलीस तू," ते म्हणाले.

"एक मिनिटसुद्धा नाही, बाबा."

ते खुर्चीत बसले. रागावले नाहीत. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की ते जसे आधी माझे हात बघायचे, तसे त्यांनी माझे हात बघितले.

"दादाकडे जा," ते म्हणाले. "त्याला माणसं घेऊन परत यायला सांग. मी इथे बसतो."

५

मैदानात जायला इंजिनाची छोटी ट्रॉली होती. ती चालवायचे मोजणीदार. ते सतत दुर्बीण घेऊन हिंडत म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. साठीचे, अतिशय बोलके. वाटेत त्यांनी मला त्यांच्या तिन्ही जावयांची सविस्तर निंदा ऐकवली आणि मी त्याबद्दल त्यांची मनापासून ऋणी आहे.

बावीस किलोमीटरवर मी त्यांना थांबवलं. तारेचा खांब उभा होता. तार त्या खांबापर्यंत होती आणि तिथे तुटून खाली लोंबत होती. टोक हिरवं पडलं होतं. पुढचे खांब नागवे.

"चोरली," भिंगवाले म्हणाले. "दहा-बारा वर्षं झाली असतील. तांबं आहे ना."

"मग या तारेवरून पलीकडचा ठोका येणार नाही."

"पलीकडचाच काय, इथला कावळासुद्धा बोलायचा नाही त्यावरून. दुसरा जावई वीजखात्यात आहे, त्याला विचारा. अर्थात तो सांगणार नाही."

रुळांच्या टोकाला पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. कामाची गाडी नेहमीसारखी टोकापासून शंभर पावलं अलीकडे उभी. नवे रूळ नीट ठोकून बसवल्याशिवाय त्यांवर इंजिन नेत नाहीत. माणसं मात्र कामाला लागली नव्हती. गाडीच्या सावलीत चूळ भरून नुसती उभी होती. दादा टोकाजवळ उकिडवा बसला होता.

"आल्या का, अभियंताबाई," तो म्हणाला. "या. तुमच्या शिक्षणाचा आज उपयोग करू. हे बघ."

नवा रूळ कारखान्यातून येतो तेव्हा तांबूस असतो. वरून चाकं जायला लागली की महिनाभराने त्याचा माथा चकाकतो. त्या सकाळी टाकलेले शेवटचे दोन रूळ, ज्यांच्यावरून एकही चाक गेलं नव्हतं, ते आरशासारखे चकाकत होते.

"जेवायला गेलो तेव्हा लाल होते," दादा म्हणाला. "वाऱ्याने वाळू घासली असेल, असं मी यांना सांगितलंय."

"वारा कुठे आहे?"

"तेच हेही विचारतायत." त्याने आवाज खाली आणला. "आणि हे रुळांखालचे स्लीपर बघ. चार बोटं दबलेत. माझ्या माणसांनी दाबले नाहीत."

मी रुळावर हात ठेवला. ऊन मी म्हणत होतं, पण रूळ गार होता. तळहाताला बारीक थरथर लागत होती. एखाद्या मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी.

"दादा, आज काम थांबव. सगळ्यांना घेऊन परत चल."

"कारण काय सांगू साहेबांना?"

"माझ्यावर ढकल."

तो उठला आणि माणसांना आवरायला सांगू लागला. एरवी तो दोन टोमणे मारल्याशिवाय राहिला नसता.

६

माणसं हत्यारं गोळा करत होती तेवढ्यात भिंगवाल्यांनी तिपाईवर दुर्बीण लावली होती. पुढे चार किलोमीटरवर भराव डावीकडे वळतो. तिथल्या वळणाच्या खुंट्या त्यांना रोज एकदा तपासायच्या असत.

"बघा तुम्ही," ते म्हणाले. "जुनी आहे, सगळं उलटं दिसतं. जमीन वर, आभाळ खाली. तरुण लोकांना गरगरतं."

मी डोळा लावला. वर मिठाचं पांढरं मैदान, खाली निळं आभाळ. खुंट्यांची रांग छताला टांगलेल्या घंट्यांसारखी. मी चक्र फिरवून वळण शोधलं.

वळणावर खिडक्या होत्या.

एकामागे एक, सारख्या अंतराच्या, उन्हातही आतून पिवळ्या उजळलेल्या. मी त्या मोजत होते, अकरा, बारा, आणि मग आतली माणसं दिसली. उलटी, डोकं खाली. एकही माणूस बसलेला नव्हता. सगळे उभे होते, दाराकडे तोंड करून, हातात सामान घेऊन. उतरायचं ठिकाण जवळ आलं की माणसं उभी राहतात तसे. गाडी चालत नव्हती. ती थांबलेली होती, आणि ते बऱ्याच वेळापासून तसे उभे असावेत, कारण कोणीही हात बदलत नव्हतं, कोणीही मान हलवत नव्हतं.

मी डोळा काढला. साध्या नजरेला उन्हाच्या लाटा आणि रिकामा भराव. पुन्हा डोळा लावला. खुंट्या होत्या.

"काय, गरगरलं ना?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

कडक ऊन, सकाळपासून पोटात काही नाही, त्यात मनाला लागलेली टोचणी. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी त्याला हीच तीन कारणं दिली असती. पण रूळ गार होता, आणि ते मी दुर्बिणीतून पाहिलं नव्हतं.

७

संध्याकाळी पाचला सगळे सुखरूप परत आले. बाबांनी कामाच्या गाडीला झेंडा दाखवून आत घेतलं. मी धावत खोलीत गेले, वाटलं, काटा आता सुटेल. काटा लाल पट्टीवरच होता. ही ती गाडी नव्हती.

साहेबांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत, ओरडले नाहीत.

"पेटी वस्तुसंग्रहालयात पाठवायच्या लायकीची झालीय," ते म्हणाले. "उद्या सकाळी सील तोडा, मूठ मागे घ्या आणि सातला कामाची गाडी सोडा. तीन आठवड्यांवर जोड आलीय. तुमच्यासारख्यांनी ती लांबवायची? तुम्ही तर भाषणं देत होतात."

"साहेब, मार्गावर काहीतरी आहे."

"काय आहे?"

"रूळ गार आहेत," मी म्हणाले.

"झोप काढा," ते म्हणाले. "आणि सात म्हणजे सात."

रात्री घरी सगळे जेवायला बसलो. आईने दोनदा विचारलं, "मीठ कमी झालंय का?" आणि दोनदा कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "त्या पेटीचं काहीतरी झालंय ना?"

बाबांनी मान हलवली.

"पहिल्या वर्षी मीही वाट पाहायचो," ते ताटाकडे बघत म्हणाले. "साठ सेकंद मोजून. एके दिवशी पलीकडच्या मास्तरांचं पत्र आलं. आमची पेटी काढून नेली, आता तुम्हाला उत्तर मिळणार नाही, कळावं. ते पत्र माझ्या हातात होतं आणि घंटी वाजली. आधी एक ठोका. मग तीन. मी उत्तर दिलं नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो."

"मग रोज तुम्ही बटण दाबायचंच कशाला?" दादाने विचारलं.

"तुला गोवर आला होता तेव्हा मी दोन दिवस गेलो नाही."

"मी डबा द्यायला गेले होते," आई म्हणाली. "खोलीला कुलूप होतं आणि आत घंटी वाजत होती. तीन, तीन, तीन. आपण विचारलं नाही की तिकडून विचारत राहतात. यांनी एक ठोका दिला की एकदाच विचारतात आणि मग दिवसभर गप्प बसतात."

म्हणजे दोघांना माहीत होतं. त्यांनी सव्वीस वर्षं त्या प्रश्नाला उत्तर न देण्याचं काम केलं होतं, आणि मी त्याला खोटी नोंद म्हणत होते.

"सील तोडून मूठ मागे घेऊ," दादा म्हणाला. "पेटी म्हणेल रस्ता बंद. मिटलं."

"पेटी काहीही म्हणेल," मी म्हणाले. "मूठ फिरवल्याने रुळावरची गाडी नाहीशी होत नाही, दादा. ती तिथेच असेल, आणि सातला तू तिच्या समोर जाशील. उद्या नाही तर परवा. ती दुपारी तुमच्या गाडीपासून शंभर पावलांवर येऊन मागे गेली. कारण तुम्ही मध्ये होतात."

"ती म्हणजे कोण?"

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "जेव," ते त्याला म्हणाले.

८

सकाळी सहाला आम्ही तिघं स्टेशनावर पोहोचलो. चांगलं उजाडलं होतं. मैदानावरून रात्रभर मिठाची बारीक धूळ उडते आणि सकाळी सगळ्यावर पांढरा थर बसलेला असतो, ओट्यावर, खटक्यांवर, रुळांवर. आम्ही रुळाच्या कडेने मैदानाकडे चालत गेलो, आत घेण्याच्या सिग्नलपर्यंत. चारशे पावलं.

स्टेशनपासून सिग्नलच्या खांबापर्यंत दोन्ही रुळांवर मिठाचा थर जसाच्या तसा होता. त्यावर एका पाखराची पावलं उमटलेली होती. खांबाच्या पलीकडे थर नव्हता. रूळ पुसल्यासारखे स्वच्छ होते, पार नजर पोहोचेपर्यंत. जिथे थर संपत होता ती रेघ खांबाच्या बरोबर खाली होती. सुरीने कापल्यासारखी.

दादाने वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"सिग्नलला थांबलीय," तो म्हणाला.

"नियमाने," बाबा म्हणाले.

परत येताना माझ्या डोक्यात एकच हिशेब होता आणि तो कितीही वेळा मांडला तरी उत्तर तेच येत होतं. तुकडा मोकळा करायचा एकच मार्ग आम्हाला शिकवलेला आहे. तुकड्यात घेतलेल्या गाडीला स्टेशनात येऊ द्यायचं. सिग्नल वरच ठेवला तर ती बाहेर उभी राहणार, दादाच्या आणि त्याच्या बेचाळीस माणसांच्या वाटेवर, आज, उद्या, जोड झाल्यावरही. पलीकडून येणारी पहिली खरी गाडी, शेजारी बसलेली माणसं घेऊन, तिच्यामागे येऊन थांबणार. किंवा थांबणार नाही.

साडेसहाला टोळी ओट्यावर जमली होती. मी दादाला म्हणाले, "यांना घरी पाठव. आठपर्यंत कोणी स्टेशनाकडे फिरकू नये. साहेबांना मी सांगेन."

"आणि तू?"

"गाडी घेते आत."

बाबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "तू जा त्याच्याबरोबर. गाडी घेणं माझं काम आहे. महिनाअखेरपर्यंत मास्तर मी आहे."

"बाबा, तुमच्या डोळ्यांना अजून पुसट दिसतंय. शेवटच्या डब्याचा दिवा तुम्हाला दिसला नाही तर? आणि लाइन क्लिअर मी दिलीय."

त्यांनी टोपी काढली. मग काय करावं ते न सुचून ती माझ्या हातात दिली.

"पुढे सोडणार?" त्यांनी विचारलं. "आपल्या समुद्राकडे?"

"नाही. पुढचा सिग्नल वरच ठेवते. इथेच थांबेल."

"थांबली की उतरतील," ते म्हणाले. दुर्बिणीत काय दिसलं ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

ओट्यावरून गावात जायला एकच लोखंडी फाटक आहे. आल्या दिवशी मी ते सताड उघडून विटेने टेकवून ठेवलं होतं. स्टेशनचं फाटक बंद ठेवणं मला पटत नसे. मी वीट बाजूला केली. बाबा आणि दादा पलीकडे गेल्यावर फाटक ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली गजांमधून दादाच्या हातात दिली.

"मी सांगितल्याशिवाय उघडू नकोस," मी म्हणाले. "आणि मी सांगितलं तरी आधी माझा चेहरा नीट बघ. एखादा टोमणा मार. मी उलट बोलले तरच उघड."

"आयुष्यभर हेच तर करत आलोय," तो म्हणाला.

मी ओट्याच्या टोकाला गेले. पहिल्या खटक्यावरही मीठ होतं; त्याखाली बाबांचं तेल. कंबर कसून ओढायच्या तयारीने मी दोन्ही हात लावले, पण तो एका हाताने आला, अगदी हलका. दूरवर सिग्नलचा हात खाली गेला. खोलीत घंटी वाजली नाही. पलीकडे आता विचारायला कोणी उरलं नसावं.

हिरवा झेंडा घेऊन मी ओट्याच्या कडेला, नियमात सांगितलंय तशी, रुळाकडे तोंड करून उभी राहिले. सिग्नलकडून एक पाखरू उडालं. मग रुळांवरचं मीठ, तिकडून इकडे, हळूहळू थरथरून खाली गळू लागलं.

खिडक्यांकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मला फक्त शेवटच्या डब्याचा दिवा बघायचा होता. पण तो यायच्या आधी बाकीचे सगळे डबे माझ्या समोरून जाणार होते.